पसरणी, आंबेनळी, वरंधा: दोन दिवसांत तीन घाट, आणि मध्ये थांबायच्या जागा

महाबळेश्वरला जाऊन आलेल्यांना काय पाहिलं विचारलं की बहुतेक जण पॉइंटांची नावं सांगतात. सकाळी अमुक, दुपारी तमुक, संध्याकाळी सूर्यास्ताचा. प्रत्येक ठिकाणी पार्किंग, गर्दी, फोटो आणि परत गाडीत. वाटेत काय लागलं, ते फारसं कोणाला आठवत नाही. मी गेली बारा-तेरा वर्षं या भागात स्वतः गाडी चालवत जाते आहे. आता माझं ठाम मत झालंय की इथला खरा ऐवज रस्त्यावरच आहे. फक्त थांबायचं कुठे, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे आधी ठरवलेलं हवं.

पुणे–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–प्रतापगड–पोलादपूर–महाड–भोर–पुणे अशी ही फेरी आहे. आडवाटा धरून साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होतात. पसरणीने सह्याद्रीवर चढायचं, आंबेनळीने कोकणात उतरायचं आणि वरंध्याने पुन्हा देशावर यायचं. दोन दिवस, एक मुक्काम. मुंबईकरांनी हीच फेरी महाडपासून सुरू केली तरी चालेल, पण दिशा बदलू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

निघण्याआधी

सगळ्यात आधी महिना ठरवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पठारांवर सोनकीचा पिवळा रंग असतो आणि धबधब्यांना अजून पाणी असतं. डिसेंबरनंतर स्ट्रॉबेरी. मे महिन्यात ऊन लागतं, पण वरंध्यात करवंदं आणि जांभळं मिळतात, तेही काही कमी नाही.

जून ते सप्टेंबर ही फेरी करू नका. वर्षाविहार म्हणून फोटो कितीही सुंदर येत असले तरी नको. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं. वरंधा घाट तर पावसाळ्यात बहुतेक वेळा वाहतुकीसाठी बंदच ठेवतात. ज्यांना पाऊसच पाहायचा आहे त्यांनी वाईपर्यंत जावं, पसरणी चढून पाचगणीत मुक्काम करावा आणि त्याच वाटेने परत यावं.

दुसरं काम, वरंधा सुरू आहे का ते विचारणं. रुंदीकरण, दरड, खचलेला कठडा, कशानेही तो अचानक बंद होतो. नकाशातलं अ‍ॅप रस्ता हिरवा दाखवतं आणि प्रत्यक्षात घाटाच्या पायथ्याला, माजेरीला, लोखंडी अडथळा लावलेला असतो. एकदा मी तशीच चाळीस किलोमीटर उलटी फिरले आहे, संध्याकाळी सहा वाजता, गाडीत पेंगुळलेली दोन मुलं घेऊन. तेव्हापासून पोलादपूरला जेवताना मी हॉटेलवाल्याला आणि शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. घाट बंद असेल तर महाडहून माणगावला जायचं आणि ताम्हिणीने पुण्याला यायचं. वेळ थोडा जास्त लागतो, रस्ता देखणाच आहे.

तिसरं काम गाडीचं. ब्रेकचे पॅड, टायरची हवा (स्टेपनीचीही), वायपर, कूलंट एवढं गॅरेजवाल्याकडून बघून घ्या. पेट्रोल वाईत भरा आणि महाडला पुन्हा. महाडपुढची बिरवाडी मागे पडली की भोरपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. सुट्टे पैसे जवळ ठेवा. घाटात रेंज जाते आणि रेंज गेली की भजीवाल्याचा क्यूआर कोडही कामाचा नाही. पाचगणी-महाबळेश्वरला नाक्यावर प्रवासी कर भरावा लागतो, त्यालाही सुट्टेच बरे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पसरणीआधी तासभर पोटभर खाऊ नये. आलेपाकाची वडी तोंडात धरावी, पुढच्या सीटवर बसावं आणि मोबाइल खाली ठेवावा.

आता दिशेबद्दल. पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही पसरणीने पश्चिमेकडे चढता आणि ऊन पाठीवर असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळीने पश्चिमेकडे उतरता, पुन्हा ऊन पाठीवर. दुपारनंतर वरंध्याने पूर्वेकडे चढता, तोवर सूर्य मागे गेलेला असतो. म्हणजे तिन्ही घाटांत ऊन समोरच्या काचेवर येत नाही आणि दरी मात्र पूर्ण उजेडात दिसते. उलट्या दिशेने गेलात तर वळणावळणाला डोळ्यांवर हात धरावा लागतो. समोरून येणारी एसटी उन्हात दिसत नाही आणि घाटात ते परवडणारं नाही.

पहिला दिवस: वाईत घाई करू नका

पुण्यातून पहाटे साडेपाचला निघा. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलात की दहा-बारा किलोमीटरवर वाई. साडेसात-आठपर्यंत पोचता. बहुतेक गाड्या वाईला फक्त चहा घेतात आणि पुढे सुटतात. मी इथे अडीच तास ठेवते.

आधी ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. एकाच दगडातली सुमारे दहा फूट उंचीची मूर्ती आहे, भव्य आणि गुटगुटीत. दर्शन घेऊन लोक पुढच्या दाराने निघून जातात. तुम्ही तसं करू नका. देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला या आणि भिंतीकडे नीट बघा. ती सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत मध्ये एका धारेवर येते, माशाच्या तोंडासारखी. कृष्णेचा पूर अंगावर आला की पाणी या धारेवर दुभंगतं, दोन्हीकडून वाहून जातं आणि गाभाऱ्याला धक्का लागत नाही. अडीचशेहून जास्त पावसाळे या भिंतीने असे झेलले आहेत. त्या धारेवरून हात फिरवला की बांधणाऱ्याने नदीचा किती अभ्यास केला होता ते कळतं. ही भिंत लक्षात ठेवा, उद्या पुन्हा तिची आठवण काढायची आहे.

घाटावर थोडं बसा. सकाळी बायका कपडे धूत असतात, कोणी संध्या करत असतं. हे गाव वाचन-लेखनाचंही आहे. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चालवलं. एका छोट्या नदीकाठच्या गावात बसून सगळ्या जगाचं ज्ञान मराठीत आणायचं काम झालं, याचा मला दर वेळी अभिमान वाटतो.

मग मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशाच घंटा आहेत. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा घाट चढून कृष्णेकाठी आली आणि इथलीच झाली. वाजवायचा मोह होतो, पण जोरात वाजवू नका. बोटांच्या पेराने हलकेच टिचकी मारा आणि कान जवळ न्या. आवाज विरायला लागणारा वेळ मोजा. माझ्या धाकट्याने एकदा मोजला आणि नंतर गाडीत सगळ्या वस्तूंवर टिचक्या मारत बसला.

चित्रीकरणासाठी हा घाट प्रसिद्ध आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी दहानंतर गर्दी होते. नऊच्या आत आलात तर घाट जवळजवळ तुमचा एकट्याचा.

पसरणी चढताना

वाईतून निघालात की लगेच पसरणी गाव लागतं. शाहीर साबळे इथले, १९२३ चा जन्म. गाव संपलं की घाट सुरू. पाचगणीपर्यंत सगळा मिळून बारा किलोमीटरचा रस्ता. चढ सलग आहे, वळणं रुंद आहेत, नवीन चालवणाऱ्यांनी घाटाचा सराव इथेच करावा.

वळणावर कधीच थांबू नका. वळण संपल्यावर जिथे रस्त्याला डावीकडे रुंद कच्ची पट्टी आहे, कठडा धड आहे आणि दोन्ही बाजूंनी किमान शंभर मीटर रस्ता दिसतो, तिथेच गाडी लावायची. अर्ध्याच्या वर गेल्यावर अशा दोन-तीन जागा मिळतात. खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, उसाचे हिरवे आणि नांगरलेले काळे तुकडे. डोंगराकडे पाहिलंत तर पायऱ्या पायऱ्या दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्या बेसाल्टच्या या पायऱ्या. प्रत्येक सपाट पट्टा म्हणजे एकेक थर. आणि सगळ्यात वर तांबडी टोपी आहे, ती जांभ्याची. पाचगणीचं टेबललँड म्हणजे हीच टोपी, वरून कापल्यासारखी सपाट.

टेबललँडवर जायचं की नाही? मुलं असतील तर जा. भर दुपारी मात्र नको, जांभा तापतो आणि सावली औषधालाही नाही. मी ते वगळते आणि पुढे भिलारला जाते.

दुपार भिलारला

पाचगणी सोडून महाबळेश्वरकडे निघालात की डावीकडे भिलारचा फाटा येतो. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या माडीवर, देवळात, शाळेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य. घरांच्या बाहेर फलक आहेत. चपला काढायच्या, आत जायचं, कपाट उघडायचं, वाचायचं आणि जिथलं पुस्तक तिथेच ठेवायचं. पैसे नाहीत. पण ही माणसांची राहती घरं आहेत, हे विसरू नका. मागच्या वेळी मी बसले होते तिथे शेजारच्या खोलीत आजी लसूण सोलत होत्या, तो वास आणि मांडीवर जुना दिवाळी अंक. दोन तास कसे गेले कळलं नाही.

दुपारचं जेवणही इथेच घ्या. निदान तासभर आधी सांगितलंत तर घरगुती जेवण मिळतं. डिसेंबर ते मार्चमध्ये शेतावरची स्ट्रॉबेरी घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि भिलार हे त्यातलं महत्त्वाचं गाव. घेताना वरचा थर पाहून फसू नका, पनेट (फळांची डबी) उलटं करून खालची फळं बघा. देठाजवळ पांढरी राहिलेली कच्ची तोडलेली असतात, घरी आणल्यावर ती गोड होत नाहीत.

वेण्णा तलाव वाटेतच लागेल. साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ मध्ये तो गावाच्या पाण्यासाठी बांधून घेतला. आता तिथे बोटी, घोडे आणि मक्याच्या कणसांची गर्दी असते. गाडीतून बघून पुढे चला.

संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वर

बाजारपेठेपासून सहा किलोमीटरवर जुनं महाबळेश्वर. साडेचारच्या सुमारास पोचा. इथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांची उगमस्थानं मानतात. भिंतीतून ओवऱ्यांतून पाणी येतं आणि एका दगडी गोमुखातून कुंडात पडतं. सरस्वती आणि भागीरथी याही इथे येतात अशी श्रद्धा आहे, भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी.

गोमुखाखाली ओंजळ धरा. मे महिन्यातही पाणी गार असतं. आता जरा विचार करा. यातली कृष्णा पूर्वेला जाते, सकाळी पाहिलेल्या ढोल्या गणपतीच्या भिंतीला घासून, पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला तिला मिळते. आणि सावित्री मात्र पश्चिमेची वाट धरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. एकाच डोंगरावरचा पाऊस, एक थेंब इकडे पडला तर दोन-तीन दिवसांत समुद्र, तिकडे पडला तर हजारावर किलोमीटरचा प्रवास. उद्या तुम्ही सावित्रीबरोबर उतरणार आहात.

शेजारच्या महाबळेश्वराच्या देवळातच ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, शिवाजी महाराजांनी जिजाऊंची आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की कृष्णाबाईचं देऊळ. इथे बरेच लोक पोचतच नाहीत. जुनं, काळ्या दगडाचं, शेवाळलेलं. पुढे कडा आणि खाली कृष्णेचं खोरं. संध्याकाळी सगळे सूर्यास्ताच्या पॉइंटावर रांगेत असतात, तेव्हा इथे तुम्ही, दोन-चार माकडं आणि पाण्याचा आवाज. माकडांना खायला देऊ नका. पिशवीची चेन लावून ठेवा.

मुक्काम क्षेत्र महाबळेश्वरात किंवा मेटगुताडच्या बाजूला केलात तर बाजाराच्या कोंडीतून सुटका होते. मुक्कामाच्या ठिकाणी एकच गोष्ट आधी विचारा, सकाळी सहाला फाटक उघडाल का?

दुसरा दिवस: आंबेनळी उतरताना

साडेसहाला निघा. महाबळेश्वर ते पोलादपूर हा साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता. ब्रिटिश काळात याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. सुरुवातीला दाट झाडी, थंडीत सकाळी धुकं. धुक्यात लाइट डिपरवर ठेवा. अप्पर लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावायची सवय लागली आहे लोकांना, ती सोडा. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

उतरण्याची रीत मी एका एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडून शिकले. माझ्या पहिल्या आंबेनळीत मी तिसऱ्या गियरवर ब्रेक दाबत उतरत होते. घाटातल्या कुंभरोशी गावाच्या अलीकडे गाडीतून जळकट वास यायला लागला, करपलेल्या रबरासारखा. घाबरून टपरीजवळ थांबले. एसटी तिथेच उभी होती. काका चहा टाकून आले, चाकाजवळ हात नेला, लावला नाही, आणि म्हणाले, "ताई, पाणी मारू नका हं त्याच्यावर. अर्धा तास थंड होऊ द्या. आणि ज्या गियरात हा घाट चढला असतात ना, त्याच गियरात उतरायचं. इंजिनाला गाडी धरू द्यायची, ब्रेक नुसता वळणापुरता." तेव्हापासून मी दुसऱ्या गियरवर उतरते. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड लावा. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवायचा विचार मनातही आणू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, वळणात नाही. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस माणसं गेली. उतरताना मला त्यांची आठवण येते आणि पाय आपोआप हलका होतो.

कुंभरोशीहून प्रतापगडाचा फाटा. मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ मध्ये गड बांधून झाला. १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, ती गोष्ट मराठी घरात सांगावी लागत नाही. मी एवढंच सांगेन की आठपर्यंत वर असा. नऊनंतर बसगाड्या येतात. साडेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या भवानीमातेच्या देवळापर्यंत हळूहळू येतात आणि तिथेच बसतात. तेवढं पुरे आहे. पाय धडधाकट असतील तर बालेकिल्ल्यावर जा. तिथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला. तटावरून जावळीचं रान बघा आणि एवढी मोठी फौज या झाडीत कशी उतरवली असेल याचा अंदाज घ्या.

पारचा पूल

या सगळ्या फेरीत मला एकच थांबा ठेवायला सांगितला तर मी पारचा पूल ठेवीन.

कुंभरोशीजवळून पार गावाकडे रस्ता जातो. खानाचा तळ याच पारला पडला होता. गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल. साडेतीनशे वर्षांचा पूल, आणि त्यावरून आजही वाहनं जातात. गाडी अलीकडेच लावा, पुलावर नको. चालत पलीकडे जा आणि मग जपून नदीत उतरा. डिसेंबरनंतर पात्र बरंचसं कोरडं असतं.

खालून पुलाकडे बघा. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला प्रत्येक खांबाला दगडाचं त्रिकोणी नाक काढलेलं आहे. आठवलं? काल सकाळी वाईत देवळाच्या पाठीवर हात फिरवला होता, तीच युक्ती. पाण्याला अडवायचं नाही, त्याला चिरून वाट द्यायची. पूल आधीचा, देऊळ जवळजवळ शंभर वर्षांनंतरचं, मध्ये सगळा महाबळेश्वरचा डोंगर. सह्याद्रीच्या पावसात ज्यांना बांधायचं होतं त्यांना ते पाण्यानेच शिकवलं असणार. नाकावर पुराबरोबर आलेल्या काटक्यांचा आणि वाळक्या गवताचा गुंता अडकलेला असतो. त्यावरून यंदा पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. मी दर वर्षी ती खूण बघते.

इथे हॉटेल नाही. पाणी आणि खाणं बरोबर घेऊन या आणि प्लास्टिक परत न्या.

पोलादपूर आणि महाड

परत आंबेनळीला लागून उतरलात की हवा बदलते. गार वारा संपतो, दमट ऊब अंगाला लागते, काचा खाली येतात. पोलादपूरला बारापर्यंत जेवा. कोकणी पद्धतीची ताटं मिळतात, मासे खाणाऱ्यांची चंगळ. इथेच कवींद्र परमानंदांची समाधी आहे, शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिणारे ते. ज्यांना वेळ आहे त्यांनी उमरठला, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीवर जावं. पण मग वरंध्याच्या वाटेवरची शिवथरघळ सोडावी लागेल, दोन्ही होत नाहीत.

पुढे मुंबई-गोवा महामार्ग. महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल पुढच्या वर्षी झाला. पावसाळ्यात ही फेरी करू नका असं मी वर एवढं आग्रहाने लिहिलं, ते इथे उभं राहिल्यावर आणखी पटेल.

राजेवाडी फाट्याला वरंध्याचा रस्ता फुटतो, पण आधी महाड गावात जाऊन या. चवदार तळं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंच्या सोबतीने इथलं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण दलितांना ते पाणी कोणी पिऊ देत नव्हतं. त्यानंतरचा कोर्टातला लढा १९३७ पर्यंत चालला. गाडी तळ्यापासून थोडी लांब लावा, आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. काल पंचगंगेच्या गोमुखाखाली तुम्ही ओंजळ धरली होती. ती धरताना तुम्हाला कोणी जात विचारली नाही. तळ्याच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं शांत बसा. मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट इथेच सांगा, पुस्तकात वाचण्याआधी.

वरंधा चढताना

महाडला टाकी भरून दोनपर्यंत राजेवाडीला परत या. बिरवाडी, मग वरंध. वरंध गावाच्या अलीकडे डावीकडे शिवथरघळीचा फाटा आहे, पाटी दिसते. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. १९३० मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही घळ पुन्हा शोधून काढली. घळीशेजारीच धबधबा आहे. जानेवारीपर्यंत त्याची धार बारीक होते आणि मग घळीतली शांतता अधिक जाणवते. जाऊन-येऊन तास-दीड तास धरा. घड्याळात साडेतीन वाजून गेले असतील तर घळ पुढच्या वेळेवर टाका. वरंधा अंधारात चढायचा नाही, एवढं पक्कं.

माजेरीपासून खरा घाट. पसरणीपेक्षा अरुंद, वळणं आवळलेली, कठडे काही ठिकाणी नावापुरते. दुसऱ्या, क्वचित पहिल्या गियरवर. समोरून मोठी गाडी आली तर जिथे रुंदी आहे तिथेच थांबून तिला येऊ द्या. चढाच्या अर्ध्या रस्त्यात उभी राहिलीच तर हँडब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून, मगच हँडब्रेक खाली. हे घरासमोरच्या उतारावर आधी शिकून या.

वर वाघजाईचं देऊळ आणि त्याला लागून भजीच्या टपऱ्या. थांबायलाच हवं. इथे रस्ता कावळ्या किल्ल्याला मधोमध चिरून जातो, म्हणजे भजी खाताना तुम्ही खरंतर किल्ल्यातच उभे असता. कांदाभजी आधी तळून ठेवलेली घेऊ नका. "ताजा घाणा काढा" म्हणायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मावशी कांदा उभा चिरून मीठ लावून ठेवतात. त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतात, वरून पाणी जवळजवळ नाही, म्हणून ती अशी कुरकुरीत होतात. सोबत तळलेली मिरची आणि चहा. खाली शिवथरचं खोरं, समोर डोंगरांच्या रांगा, चार-साडेचारचं तिरकं ऊन सरळ दरीत उतरलेलं. सकाळी हीच दरी सावलीत काळी असते. कागदी प्लेटा कठड्यापलीकडे टाकू नका, मावशींकडे डबा असतो.

इथून पलीकडे उतरायला लागलात की पाण्याची दिशा पुन्हा बदलते. मागे पडणारा पाऊस सावित्रीला, पुढचा नीरेला. नीरा भीमेला मिळते आणि भीमा शेवटी कृष्णेलाच.

उतार सौम्य आहे, पण रस्ता खराब असू शकतो आणि गुरं घरी परतायची ही वेळ. नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. हिरडोशीच्या आसपास पाण्याकडेला एक शेवटचा थांबा घ्या, पाय मोकळे करायला. पाण्यात उतरू नका, काठ गाळाचा आहे आणि खोली कळत नाही.

साडेसहाच्या आत भोर. चहा इथे घ्या, कारण पुढे कापूरहोळला महामार्ग लागला की रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत असते. घाई नसेल तर नसरापूरला बनेश्वरच्या झाडीत अर्धा तास काढा आणि गर्दी ओसरू द्या. पण डासांचं मलम लावून.